पांडाज: आकड्यातून तारीख चोख काढतं, पण चुकलं तरी गप्प बसतं

कळमन्याच्या बाजूला संत्र्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथल्या तापमानाच्या नोंदी मी बघते. लॉगर दर काही मिनिटांनी एक ओळ टाकतो: आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि वेळेच्या रकान्यात १७१५७६७२०० असला दहा आकडी नंबर. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या घड्याळाने, किती सेकंद उलटले त्याचा हा हिशेब. यातून वाचता येईल अशी तारीख काढायला मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली पांडाज लायब्ररी वापरते. फुकट आहे, आणि माझ्याकडून पाचपैकी चार.

चार यासाठी की काम झटपट होतं. लाखभर ओळींचा रकाना ‘टू-डेटटाइम’ला दिला आणि एकक सेकंद आहे असं सांगितलं की झालं. पुढे तासवार सरासरी काढा, वार काढा, मधल्या कोणत्या नोंदी गायब आहेत ते शोधा, सगळं एकेका ओळीत.

पाचवा गुण कापला तो गप्प बसण्याबद्दल. एकक सांगितलंच नाही तर पांडाज आकड्याला नॅनोसेकंद समजतं, आणि वरचा नंबर १ जानेवारी १९७०, रात्री बारा वाजून पावणेदोन सेकंदांच्या आसपास जाऊन बसतो. मिलिसेकंद सांगितलं तर २० जानेवारी १९७०. एरर नाही, इशारा नाही. अर्थात १९७० साल दिसलं की काहीतरी बिनसलंय हे कोणालाही कळतं.

टाइमझोनचं तसं नाही. रूपांतरानंतरही वेळ ग्रीनिचचीच असते आणि ती अगदी खरी वाटते: १५ मे २०२४, सकाळचे १०. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. लॉगर विकणाऱ्या कंपनीने दिलेल्या रिपोर्टात नेमकं हेच होतं. आमच्या ऑपरेटरभाऊंनी ग्राफ पाहिला अन् म्हणाले, “मॅडम, मे महिन्यात सकाळी दहालेच पारा सगळ्यात वर? हे नागपूरचंच हाय ना?” सॉफ्टवेअरने विचारायला हवा होता तो प्रश्न भाऊंनी विचारला.

नुसता ग्राफ सरकला असता तर चाललं असतं. पण रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या सगळ्या नोंदी आदल्या तारखेत जमा होतात. पहाटे गाडी लागली, दार उघडं राहिलं, आतलं तापमान चढलं. रोजच्या गोषवाऱ्यात ते खापर आदल्या दिवसावर. मालक रजिस्टर काढून विचारणारच, काल तर गाडीच नव्हती!

उपाय दोन पायऱ्यांचा आहे आणि क्रम उलटा चालत नाही. आधी सांगायचं की ही वेळ यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची आहे, मग ती ‘एशिया/कोलकाता’त, म्हणजे भारतीय वेळेत बदलायची. थेट कोलकाता चिकटवलं तर सकाळचे दहा भारतीय वेळेचे दहाच होऊन बसतात. आणि दिवस-महिना-वर्ष अशी मांडणी अगदी शेवटी करा. ती केली की तारीख निव्वळ मजकूर होते. मग क्रम लावला की ०१-०६ हे १५-०५ च्या आधी येतं.

थोड्या ओळी असतील तर एक्सेल पुरे. सेकंदांना ८६४०० ने भागा, २५५६९ मिळवा, भारतीय वेळेसाठी वर साडेपाच भागिले चोवीस, आणि सेलला तारखेचा फॉर्मॅट द्या. मात्र लॉगर मिलिसेकंदवाला, म्हणजे तेरा आकडी असेल, तर त्याची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह करू नका. आकडा १.७१५७७ई+१२ असा जतन होतो आणि शेपटीचे अंक कायमचे जातात. जवळपास पावणेतीन तासांच्या सगळ्या नोंदींना मग एकच वेळ, आणि ते पांडाजलाही परत आणता येत नाही.

एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरची फाइल आली तर गणित वेगळं. त्याचे सेकंद १४ ऑक्टोबर १५८२ पासून सुरू होतात, म्हणून पांडाजला देण्याआधी १२२१९३७९२०० वजा करायचे. त्यात टाइमझोन नसतो. भरणाऱ्याने जी वेळ टाकली तीच असते. तिथे साडेपाच तास मिळवायला जाऊ नका.