घडीचा, पत्र्याचा, टॅब्लेटचा की घडवून घेतलेला? वादकासाठी नोटेशन स्टँडची तुलना

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम होता. पुण्यातलं उघडं मैदान, साडेपाचची वेळ, खुर्च्यांवर दव. नांदी झाली, दुसरं नाट्यपद सुरू झालं आणि माझ्यासमोरच्या घडीच्या स्टँडचा दांडा हळूहळू खाली बसायला लागला. मुखड्याला छातीशी असलेली वही अंतऱ्यापर्यंत पोटाशी आली. व्हायोलिन हनुवटीखाली, गज हातात. स्क्रू पिळायचा कोणत्या हाताने? तेवढ्यात समोरून वाऱ्याची झुळूक आली आणि चार सुटी पानं उडून संवादिनीच्या भात्यावर पडली. माझ्या दोन ओळी गेल्या. गायिकेने वळून पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं.

त्यानंतरच्या वर्षांत मी चारही प्रकारचे स्टँड वापरले आणि शेवटी एक स्वतः घडवून घेतला. व्हायोलिन, बासरी, कीबोर्ड वाजवणाऱ्यांनी किंवा वृंदगान करणाऱ्यांनी स्टँड घेताना सगळ्यांत आधी एकच गोष्ट ठरवावी: तो तुमच्याबरोबर रिक्षातून, एसटीतून हिंडणार आहे, की एका हॉलमध्ये उभा राहणार आहे? किंमत, रंग, कंपनी हे सगळं त्यानंतर.

घडीचा तारेचा स्टँड

बहुतेकांचा पहिला स्टँड हाच. वजन किलो-सव्वा किलो, घडी केल्यावर हातभर लांब, पाठीवरच्या पिशवीत सहज बसतो. किंमत हजाराच्या आतबाहेर. विद्यार्थ्याने क्लासला न्यायला यापेक्षा सोयीचं काही नाही, आणि त्या कामासाठी मी आजही हाच सुचवतो.

त्याची खोड सांध्यांत आहे. आतली नळी बाहेरच्या नळीत सरकते आणि एक स्क्रू तिला टोकाने दाबून धरतो. टोक तेवढंच असल्यामुळे सगळा दाब एका ठिकाणी येतो. वर्षभरात नळीला तिथे खड्डा पडतो. मग स्क्रू कितीही पिळला तरी दांडा त्याच खड्ड्यात जाऊन बसतो. माझा त्या पहाटे असाच बसला होता. घेतलाच तर टोकदार स्क्रूऐवजी नळीला चहूबाजूंनी आवळणारी पकड असलेला घ्या. जर्मनीतल्या वेर्टहाइमच्या केनिग अँड मायरचे घडीचे स्टँड पाहा. ही कंपनी 1949 पासून हेच काम करते आहे. महाग पडतात, पण माझा दहा वर्षं चालला.

तारेच्या चौकटीवर सुटी पानं राहत नाहीत, मधून वाकतात. त्यावर उपाय सोपा आहे: पुठ्ठ्याचा एक तुकडा चौकटीच्या मापाने कापून काळा रंगवा आणि पानांच्या मागे कायमचा ठेवा. कपड्यांचे दोन चिमटे सोबत असू द्या.

पत्र्याच्या पाटीचा ऑर्केस्ट्रा स्टँड

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल ऐकायला गेलात तर व्हायोलिनवाल्यांकडे नीट पाहा. दोघांत एक स्टँड असतो. श्रोत्यांच्या बाजूचा वादक वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा क्षणभर गज थांबवून पान उलटतो. एका पाटीवर चार डोळे, दोन गज आणि उलटणारं पान. ए-फोर आकाराची दोन पानं शेजारी ठेवली की 42 सेंटिमीटर होतात, म्हणून पाटी 50 सेंटिमीटरच्या आसपास रुंद लागते. तारेची चौकट इथे पुरत नाही.

या वर्गात अमेरिकेतल्या याकिमा गावच्या मॅनहॅसेट कंपनीचा स्टँड मला रचनेच्या दृष्टीने सर्वांत शहाणा वाटतो. त्याला उंचीचा स्क्रूच नाही. नळीच्या आतली पकड घर्षणावर चालते. एका हाताने पाटी वर ओढा, सोडा, ती तिथेच राहते. उठून वाजवायचं, पुन्हा बसायचं अशा कार्यक्रमात याचं मोल कळतं. तो परवडला नाही तरी या धर्तीचे दणकट स्टँड आपल्याकडेही मिळतात.

तोटा उघड आहे: वजन साडेतीन किलोच्या आसपास आणि घडी होत नाही. शाळा, वृंदगानाचा गट किंवा चर्चचा क्वायर यांनी मात्र हाच घ्यावा. वीस घडीचे स्टँड घेतले तर दोन वर्षांनी त्यातले निम्मे दोरी बांधून वापरावे लागतात.

गाणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. 50 सेंटिमीटर रुंदीची भरीव पाटी तोंडासमोर उभी केली तर ती आवाज अडवते. सगळा नाही. खालचे स्वर पाटीला वळसा घालून पुढे जातात. पण ज्या स्वराची तरंगलांबी पाटीच्या रुंदीएवढी होते, तिथून वर अडवणूक सुरू होते. हवेत 50 सेंटिमीटर तरंगलांबी म्हणजे साधारण 690 हर्ट्झ. पांढरी एकच्या (पाश्चात्त्य C) सुरात पाहिलं तर तार सप्तकातला शुद्ध मध्यम. स, श, च यांची धार याच्या कितीतरी वर असते. म्हणून पाटी उंच धरून गाणाऱ्या गटाचे स्वर ऐकू येतात, शब्द मात्र धूसर होतात. पाटी हनुवटीच्या खाली आणा, जास्त आडवी करा. फरक पहिल्याच ओळीत कळेल. भोकं पाडलेल्या पत्र्याने वजन कमी होतं, पण त्यावर वही ठेवली की आवाजापुरता त्याचा उपयोग संपतो.

वाऱ्याचा हिशेब

उघड्यावर वाजवणाऱ्यांनी हे वाचावंच. दिवाळी पहाट, गणेशोत्सवाचा मांडव, गावची जत्रा, तिघांनाही लागू आहे.

तीन पायांच्या स्टँडचे पाय मध्यापासून 25 सेंटिमीटर पसरले असले, तर आधारही सगळीकडे 25 सेंटिमीटर आहे असं आपण धरून चालतो. तसं नसतं. दोन पायांच्या मधल्या दिशेला आधार साडेबारा सेंटिमीटरवर संपतो, अगदी निम्म्यावर. स्टँड नेहमी त्याच दिशेला कलंडतो.

आता 50 बाय 35 सेंटिमीटरची पाटी घ्या, जमिनीपासून 110 सेंटिमीटर उंचीवर. ताशी 30 किलोमीटरचा झोत तिच्यावर समोरून आला तर जवळजवळ 870 ग्रॅम वजनाइतका रेटा बसतो. उंचीने गुणलं की कलंडवणारा जोर निघतो: 95 किलो-सेंटिमीटर. स्टँडचं वजन साडेतीन किलो, आधार साडेबारा सेंटिमीटर; यांचा गुणाकार 44, म्हणजे तो तेवढ्या जोरापर्यंतच तग धरणार. दणकट वाटणारा पत्र्याचा स्टँडही पडतो तो यामुळे. पाटी तिरकी असली की रेटा थोडा कमी होतो, पण इतका नाही की निश्चिंत व्हावं.

सुटका दोनच प्रकारे: खाली वजन टांगा किंवा पाय लांब करा. 25 सेंटिमीटरच्या पायांना चार-साडेचार किलोची वाळूची पिशवी लागते. पाय 35 सेंटिमीटरचे केले तर तीन किलोच्या स्टँडलाही अडीच किलो टांगलं की पुरतं. आणि एक पाय नेहमी त्या बाजूला वळवा जिकडे पाटी कलंडण्याची भीती आहे. मंचावर वारा बहुधा श्रोत्यांच्या बाजूने आत येतो, म्हणून मी एक पाय माझ्या दोन पावलांच्या मधोमध घेतो.

टॅब्लेट

तरुण वादक आता सर्रास टॅब्लेट वापरतात आणि त्यात काही गैर नाही. ब्रसेल्स फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने 2012 मध्येच कागद बाजूला ठेवून टॅब्लेटवर वाजवून दाखवलं होतं. तीनशे गाण्यांच्या वह्या एका टॅब्लेटमध्ये मावतात, अंधारात दिवा लागत नाही, पायातल्या पेडलने पान उलटतं. गायकाने ऐनवेळी फर्माईश घेतली तर नाव शोधून चार सेकंदांत गाणं समोर. भावगीतांच्या कार्यक्रमात कीबोर्ड वाजवणाऱ्याला हे वरदान आहे.

अडचणी मात्र ठाऊक असू द्या. पावणेतेरा इंची म्हणता येईल अशा मोठ्या टॅब्लेटवरही ए-फोर पान सुमारे 88 टक्के मापाचं दिसतं, आणि एका वेळी एकच. दहा इंचीवर मात्रांच्या खालचे बारीक आकडे वाचताना डोळे ताणावे लागतात. दुसरी अडचण उन्हाची. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापराची कमाल मर्यादा 35 अंश सेल्सियस सांगते. मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी पाचला साउंड चेक असेल तर काय होईल ते पाहा. माझ्या शेजारच्या कीबोर्डवाल्याचा पडदा असाच मध्येच काळा झाला होता. ओल्या रुमालात गुंडाळून त्याने तो परत सुरू केला. तेव्हापासून तो महत्त्वाच्या गाण्यांची छापील प्रत जवळ ठेवतो.

टॅब्लेटला स्वतंत्र स्टँड घेऊ नका. माइक स्टँडच्या दांड्याला आवळायची चांगली पकड घ्या, पण ती दांड्याच्या सरळ वर बसवा. आडव्या हातावर लटकवली तर तोल जातो.

बैठकीचा प्रश्न

दुकानातले जवळजवळ सगळे स्टँड खुर्चीवर बसणाऱ्या किंवा उभ्या माणसासाठी बनलेले आहेत. मांडी घालून बसणाऱ्याचा विचार कोणी केलेला नाही, आणि आपल्याकडे तर निम्मी मैफल जमिनीवर होते. जुन्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनला वही ठेवायची तिरपी पाटी अंगचीच असायची; संवादिनीला ती नाही, म्हणून वही भात्याच्या पुढे कुठेतरी आडवी पडते.

पोथी वाचायची लाकडी ठवणी पुष्कळजण वापरतात. ती वितभर उंच. वाचायला मान इतकी खाली जाते की हनुवटी गळ्याला टेकते, आणि त्या स्थितीत तार षड्ज मोकळा लागत नाही. घडीचा स्टँड सगळ्यांत खाली केला तरी त्याचे पाय तबल्याच्या चुंबळीत घुसतात. इथे खरंच सुताराकडेच जावं: खालची कड जमिनीपासून 28 ते 30 सेंटिमीटर, पाटी ए-फोरचं एक पान मावेल एवढीच, आणि तळाशी पायांऐवजी सपाट जड पाट. गायकाने तो समोर न ठेवता डावीकडे तिरका ठेवावा, म्हणजे चेहरा झाकला जात नाही. बसून व्हायोलिन वाजवणाऱ्यालाही डावीच बाजू सोयीची, कारण गज उजवीकडे फिरतो.

घडवून घेतलेला

माझा कौल याला आहे: पाटी भक्कम, खालचा भाग सुटा होणारा. बाजारात दोन्ही एकत्र क्वचितच नीट मिळतं, म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो.

पाटीसाठी तीन गोष्टी तोलून पाहिल्या. 50 बाय 35 मापात एक मिलिमीटरचा लोखंडी पत्रा 1.4 किलोच्या जवळ जातो, दीड मिलिमीटरचं ॲल्युमिनियम 700 ग्रॅम, सहा मिलिमीटरचं प्लायवूड 650. वरचं वजन कमी तितकं बरं, म्हणून लोखंड बाद. उरलेल्या दोनांत प्लायवूड घेतलं, कारण गजाचं टोक चुकून पाटीवर आपटलं तर पत्रा टण्ण वाजतो आणि तो माइकमध्ये जातो. लाकडाचा नुसता टप् असा आवाज येतो. रंग काळा, बिनचमकचा. खालची कड पाच सेंटिमीटर खोल, म्हणजे जाड वहीच्या पुढे पेन्सिल आणि म्यूट (व्हायोलिनचा आवाज दबवायची चिमटी) राहतात.

दांड्यासाठी बाहेरची नळी 25 मिलिमीटरची, आतली 19 ची. त्यांच्यात जवळपास तीन मिलिमीटरचा खुळखुळाट उरतो. तो लेथवाल्याकडून नायलॉनची बुश (दोन नळ्यांमधली फट भरणारी कडी) करून भरून घेतला. हीच गोष्ट फॅब्रिकेशनवाला स्वतःहून करणार नाही, सांगावी लागते. स्क्रूच्या टोकाऐवजी नळीला वेढणारी पकड. आतल्या नळीवर पांढऱ्या रंगाची दोन वळी काढली आहेत, एक बसून वाजवायची, एक उभ्याने; अंधारातही उंची एकदम लागते. खाली वजन टांगायला आकडा. सगळं मिळून तीन किलोच्या आसपास, पाटी काढून कापडी पिशवीत व्हायोलिनच्या पेटीमागे राहते. मला अडीच हजारांच्या आत पडला, पण दोन फेऱ्या माराव्या लागल्या; पहिल्या वेळी पाय आखूड झाले होते.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक आठवण. वाचायचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतराचा असतो, साधारण 40 सेंटिमीटर. व्हायोलिन धरल्यावर पान 65-70 सेंटिमीटरवर जातं. टेपने ते अंतर मोजून चष्मेवाल्याला सांगा. स्टँड पुढेमागे सरकवून हे सुटत नाही.

घडवून घ्यायला वेळ नसेल आणि दुकानातूनच घ्यायचा असेल, तर तुमची सगळ्यांत जाड वही सोबत न्या. पाटीवर ठेवा, वाजवायच्या उंचीला आणा, उंची टेपने मोजा आणि दुकानदाराशी पाच मिनिटं बोला. मग पुन्हा मोजा. पाटीच्या वरच्या कोपऱ्याला टिचकी मारून ती किती वेळ थरथरते ते पाहा. माझा दुसरा घडीचा स्टँड मी असाच निवडला, लक्ष्मी रोडच्या परिसरातल्या तिसऱ्या दुकानात. पहिल्या दोन ठिकाणी वही पाच मिनिटांत बोटभर खाली आली होती.