इंजिनचं मोठं काम निघालंय: हेडपुरतं करायचं, पूर्ण बांधायचं की इंजिनच बदलायचं?

‘इंजिन खोलावं लागेल’ असं ऐकलं की सगळे आधी खर्च विचारतात. आधी विचारा, बिघाड हेडमध्ये आहे की ब्लॉकमध्ये? हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग: तिकडे व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट आणि हेड-ब्लॉकमधला सांधा बंद करणारं गॅसकेट. ब्लॉक म्हणजे खालचा भाग: त्यात सिलिंडर, पिस्टन, रिंगा, क्रँक, बेअरिंग. पुढचे सगळे पर्याय या उत्तरावर ठरतात आणि बहुतेक वेळा ते इंजिन न उतरवता कळतं.

पेट्रोल गाडीत इंजिन गरम करून सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. साधारण 10 ते 13 बार यायला हवं आणि सिलिंडरांमधला फरक 10–15 टक्क्यांच्या आत हवा. एखाद्यात आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारच्या दोन सिलिंडरांचा आकडा एकत्र पडला असेल तर त्यांच्यामधलं गॅसकेट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. (डिझेलला वेगळा गेज लागतो आणि ही ऑइलची युक्ती तिथे करू नका.) जुना ऑइल फिल्टर कापून कागद उलगडा. चुंबकाला न चिकटणारी चकचकीत कपची दिसली तर बहुधा बेअरिंग सोलायला लागलंय. ही तपासणी पूर्ण कामाच्या मानाने स्वस्त आहे. ती न करता मिळालेलं कोटेशन हा नुसता अंदाज असतो.

हेडपुरतं काम

गाडी गरम झाली, ऑइल-पाणी एक झालं, टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले, आणि ब्लॉक ठीक असल्याचं मोजून दिसलं, तर हाच पर्याय घ्या. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) बाक बघतात. पुष्कळ इंजिनांत 0.05 मिमीच्या आसपासच मर्यादा असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. फेसिंगच्या (हेड घासून सपाट करण्याच्या) आधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या, नाहीतर तडा गेलेल्या हेडवर मजुरी वाया जाते. ताणून बसवायचे हेड बोल्ट पुन्हा वापरू नयेत. व्हॉल्व्ह सील, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप याच वेळी बदला.

गाडी गरम का झाली, हे न शोधता गॅसकेट घातलं तर ते पुन्हा जातं. पंखा, रेडिएटर, गळती सगळं तपासा. दुधाळ ऑइलवर गाडी बरीच चालली असेल तर ऑइल पॅन खोलून निदान एक कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग बघितल्याशिवाय हेड बसवू नका.

पूर्ण बांधणी

खालून ठोका येतो, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडतं, गाडी निळा धूर सोडत ऑइल खाते, तेव्हा हेडवर पैसे घालून उपयोग नाही. इथे सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालतात (बहुधा 0.25 किंवा 0.50 मिमी) आणि क्रँक ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग बसवतात. पिस्टन आधी हातात येऊ द्या, मग बोअरिंग. बोअर त्या पिस्टनच्या मापानेच संपवायचा असतो. काही ॲल्युमिनियम ब्लॉकच्या सिलिंडरवर खास लेप असतो, ते नेहमीच्या पद्धतीने बोअर होत नाहीत, आणि काही इंजिनांना मोठे पिस्टन मिळतच नाहीत. हे आधी विचारलं नाही तर इंजिन सुटं पडून राहतं.

सगळ्यात वाईट सौदा म्हणजे अर्धवट काम: लंबगोल झालेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा, किंवा ओरखडे पडलेल्या क्रँकवर नुसती नवी बेअरिंग. सुरुवातीला बरं वाटतं, पण टिकत नाही.

चांगली बांधणी बहुतेकदा बिघडते ती घाणीमुळे. होनिंगनंतर (सिलिंडर आतून बारीक घासल्यावर) सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने धुवावे लागतात, पांढरं फडकं काळं पडायचं थांबेपर्यंत. बेअरिंग सोललं असेल तर ऑइल कूलरमध्ये कपची अडकून राहते; कूलर बदललेला बरा.

वापरलेलं किंवा कारखान्यात बांधलेलं इंजिन

वापरलेलं इंजिन लवकर बसतं, पण त्याचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो. सीसी जुळणं पुरेसं नाही, इंजिन कोड जुळायला हवा; सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्यावर अवलंबून असतात. बसवण्याआधी क्रँक पुलीवरून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, शक्य असेल तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचं क्रँक सील, क्लच उरका. नाहीतर नंतर त्याच कामांसाठी पुन्हा सगळं उतरवावं लागेल. हमीत फक्त इंजिन आहे की बसवण्याची मजुरीही, हे लेखी घ्या. नोंदणीपत्रावर इंजिन नंबर असेल तर तो बदलून घ्यावा लागतो. कारखान्यात बांधलेलं हाफ इंजिन (हेडशिवाय, क्रँक-पिस्टन बसवलेला ब्लॉक) महाग, पण मोजून बांधलेलं असतं. चांगलं मशीन शॉप जवळ नसेल तर आम्ही तेच सुचवू.

आहे तशी विकणं

गाडी किती किमतीला घेतली होती, ते इथे कामाचं नाही. दुरुस्त गाडीची किंमत 100 धरली आणि बंद गाडीचे 30 येत असतील, तर दुरुस्तीने किमतीत 70 ची भर पडते. कोटेशनवर खोलल्यावर निघणाऱ्या कामासाठी 20 टक्के चढवा आणि ती बेरीज 70 शी ताडून बघा. बेरीज जास्त भरली तरी गाडी पुढे बरीच वर्षं वापरायची असेल आणि गिअरबॉक्स, पत्रा, सस्पेन्शन चांगले असतील तर दुरुस्ती परवडू शकते. पत्रा गंजून सडलेला असेल तर विका.

बांधलेलं इंजिन घेतलंत तर पहिले सुमारे 1000 किमी एकाच वेगात, एकाच ॲक्सिलरेटरवर लांब चालवू नका. रिंगा बसायला भार कमी-जास्त होत राहावा लागतो. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला आणि तोही फिल्टर कापून बघा.