केसर आंब्याच्या लहान झाडांची छाटणी करून घेतली, माझा अनुभव

15 बाय 6 फुटांवर अर्धा एकर केसर आहे आमचा, 240 झाडं, दुसरं वर्ष चालू. कलमं घेतली त्याच नर्सरीवाल्यांकडून छाटणी करून घेतली, झाडामागं 12 रुपये. पैसे वसूल झाले, पण एक तक्रार आहे ती खाली लिहितो.

मागच्या वर्षी रोजानं माणसं लावून शेंडे मारले होते, त्यांनी सगळी झाडं कंबरेएवढी सरसकट उडवली, कट कुठं पडतोय ते कुणी बघितलंच नाही. आंब्याच्या फांदीवर पानांचा झुपका असतो ना, त्या गाठीत डोळे दाटीनं असतात, तिच्या वर कापलं की एकाच जागेवरून सहा-सात फुटवे निघतात, सगळे सरळ वर पळतात आणि पुढं फळांचा भार आला की तिथंच फाटतात. गाठीच्या खाली कापलं तर फुटवे कमी येतात, सुटे येतात आणि बाहेर पसरतात. हे मला या वेळी आलेल्या दादांनी झाडापाशी उभं करून दाखवलं.

त्यांचं काम खरंच बघत राहावं असं. आधी झाडाभोवती चक्कर, मग तीन फांद्या ठरवायच्या, तिन्ही तीन दिशांना आणि खोडावर थोड्या खालीवर. बाकीच्या बुडातून काढल्या, ठेवलेल्यांचे शेंडे दीड फुटावर मारले. कलमाच्या जोडाखालून आलेले खुंटाचे (ज्यावर कलम बांधतात त्या झाडाचे) फुटवे पण काढले, जोमात होते म्हणून आई त्यांना हात लावू देत नव्हती. जिथं दोनच बऱ्या फांद्या होत्या तिथं उगाच कापलं नाही, सुतळीनं ताणून एक फांदी मोकळ्या बाजूला वळवली. सिकेटर (छाटणीची कात्री) सारखं स्पिरिटनं पुसत होते.

आता तक्रार. रेटमध्ये बोर्डो पेस्ट (कापलेल्या जागी लावायचा मोरचूद-चुन्याचा लेप) धरलेली होती, ती निम्म्या ओळींनाच पुरली, उद्या येतो म्हणाले आणि नर्सरीतून कुणी आलंच नाही. जखमा उघड्या ठेवायला मन होईना, शेवटी घरीच केली, 10 लिटरला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र (लोखंडाचं भांडं अजिबात नको). तुम्ही कुणालाही बोलवा, पेस्ट लावून होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

आता नवी पालवी आलीय, तांबूस, तिन्ही बाजूंना, मधे ऊन उतरतंय. पुढच्या छाटणीला तेच दादा पाहिजेत असं नर्सरीत आत्ताच सांगून ठेवलंय.