नोकरीचा बायोडाटा करून देणारे टिळकवाडीतील एक डीटीपी केंद्र

बेळगावात ‘बायोडाटा’ या एकाच शब्दाने लग्नाचा आणि नोकरीचा असे दोन्ही कागद ओळखले जातात, आणि अनेक झेरॉक्सच्या दुकानांतून ते एकाच साच्यातून निघतात. त्यामुळे नोकरीच्या अर्जावर वडिलांचे नाव, धर्म, जात, कधीकधी आधार क्रमांकही ठळकपणे येतो; उमेदवाराला काम काय येते, हे मात्र शेवटच्या दोन ओळींत उरकलेले असते. आयटीआय करून उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये दोन वर्षे काम केलेल्या माझ्या भाच्याचा बायोडाटाही असाच होता. तो नव्याने करून घेण्यासाठी आम्ही टिळकवाडीतील एका छोट्या डीटीपी केंद्रात, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून मांडून देणाऱ्या दुकानात, गेलो.

तिथल्या बाईंनी संगणकाला हात लावण्याआधी वही उघडली, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. “बाळ, कामावर गेल्यापासून सुटी होईपर्यंत काय काय करतोस, ते क्रमाने सांग,” असे त्यांनी विचारले. भाच्याचे पहिले उत्तर “सीएनसी ऑपरेटर आहे, काकू” (म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्र चालवतो) एवढेच होते. अर्ध्या तासाने त्याच उत्तरातून फॅनक कंपनीच्या कंट्रोलवरचे टर्निंग (धातूचे कातकाम), ड्रॉइंग वाचून जॉब लावणे, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने (छिद्राचा व्यास मोजणारे साधन) मापे तपासणे, टूल झिजल्यावर ऑफसेट (यंत्रात भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) स्वतः बदलणे, असे सगळे बाहेर आले. ‘मेहनती व प्रामाणिक’ ही ओळ त्यांनी काढून टाकली, कारण ती प्रत्येकाच्याच अर्जात असते. पुढे कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एका कारखान्यातील मुलाखतीत पहिला प्रश्न टूल ऑफसेटवरच आला.

सीमाभागातील उमेदवाराच्या अडचणी त्यांना नेमक्या ठाऊक आहेत. कोल्हापूरकडे अर्ज करताना नुसते ‘एसएसएलसी’ न लिहिता ‘दहावी, कर्नाटक बोर्ड’ असे लिहावे, आणि पीयूसीचे दुसरे वर्ष म्हणजे बारावी हेही स्पष्ट करावे, असे त्यांनी सांगितले. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाल्यामुळे जुन्या दाखल्यावर एक आणि नव्या गुणपत्रिकेवर दुसरे नाव असू शकते. म्हणून पत्त्यात आजचे अधिकृत नाव आणि स्वतःचे नाव मात्र गुणपत्रिकेतल्याच स्पेलिंगने, असा त्यांचा आग्रह असतो. भाचा कन्नड सफाईने बोलतो, वाचतो अडखळत, आणि लिहिणे त्याला जमत नाही. त्यांनी भाषांपुढे बोलणे, वाचणे आणि लिहिणे वेगवेगळे नोंदवले. आपल्याकडच्या मराठी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी हा प्रामाणिकपणा फार गरजेचा आहे, कारण हुबळी-बेंगळुरूकडच्या नोकरीत कन्नडचा प्रश्न येतोच.

तक्रार आहे ती मांडणीची. पहिली फाइल त्यांनी कोरलड्रॉ या चित्रमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रंगीत रकान्यांत केली आणि अक्षरांचे कर्व्ह करून पीडीएफ दिली. छापील प्रत देखणी होती, पण अशा पीडीएफमध्ये अक्षरे उरत नाहीत, नुसते आकार उरतात. त्यामुळे नोकरीच्या संकेतस्थळावर ती चढवली तेव्हा फाइलमधला मजकूर वाचून आपोआप भरले जाणारे अर्जातील सगळे रकाने रिकामेच राहिले. दुसऱ्या दिवशी परत जाऊन एका रकान्याची साधी वर्ड फाइल मागावी लागली. ती त्यांनी लगेच दिली, पण वेगळे 50 रुपये घेतले. हे मला पटले नाही, कारण चूक आमची नव्हती. तुम्ही पीडीएफ घेतलीत, तर दुकानातच तिच्यातील मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहा. ओळी नीट उमटल्या तरच पैसे द्या.

मूळ दर 150 रुपये आहे आणि त्यात एक दुरुस्ती धरलेली आहे. गुणपत्रिका, आयटीआयचे प्रमाणपत्र आणि कामावर रुजू झाल्याचा महिना व वर्ष सोबत न्या, आणि सुरुवातीलाच वर्ड फाइल हवी असे सांगा. संध्याकाळी झेरॉक्ससाठी रांग असते, तेव्हा असे निवांत प्रश्न विचारायला त्यांना सवड मिळत नाही. सकाळी दुकान उघडताच गेलेले बरे.