केबलवरचा फोन: प्रायॉरिटी वाढवायची की यूजीएस घ्यायची?

केबल नेटवर्कवर फोन चालवायचा तर अपस्ट्रीमला, म्हणजे घरातल्या मोडेमकडून कंपनीकडे जाणाऱ्या दिशेला, दोन वाटा असतात. बेस्ट एफर्ट फ्लोच (जागा मागायची, मिळेल तेव्हा पाठवायचं) ठेवून त्याची प्रायॉरिटी वाढवायची, नाहीतर डॉक्सिस (केबल मोडेमचं मानक) 1.1 पासून मिळणारी यूजीएस, म्हणजे न मागता ठरावीक जागा देणारी सेवा, घ्यायची. मी दोन्ही चालवून पाहिल्या आहेत.

पहिली वाट सोपी आहे. ट्रॅफिक प्रायॉरिटी 0 वरून 5 वर नेली की काम झालं, आणि कोणी बोलत नसताना जागाही अडून राहत नाही. दिवसा मला आवाजात खोट सापडली नाही. संध्याकाळी नोड (अनेक घरांची सामायिक केबल शाखा) भरला की मात्र शब्दांचे शेवट गळायचे. प्रायॉरिटी 7 केली, तरी तेच.

कारण उमगायला वेळ लागला. प्रायॉरिटी बघतो सीएमटीएस, म्हणजे मोडेमना जागा वाटून देणारं कंपनीकडचं यंत्र, तीही मोडेमची रिक्वेस्ट (जागेची मागणी) त्याच्यापर्यंत पोचली तर. टक्कर होते त्याच्या आधी. सगळ्यांना खुल्या असलेल्या मिनिस्लॉटमध्ये (वेळेच्या छोट्या तुकड्यात) दोन मोडेमनी एकाच वेळी रिक्वेस्ट टाकली की सहसा दोन्ही वाया जातात. मोडेमना एकमेकांचं ऐकू येत नाही. पुढच्या मॅपमध्ये (सीएमटीएसच्या जागावाटपाच्या यादीत) आपल्यासाठी काहीच नाही, यावरून टक्कर ओळखायची, बॅकऑफची खिडकी, म्हणजे ज्या मर्यादेत वाटेल तितकं थांबायचं ती, दुप्पट करायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा, असे एकूण 16 वेळा. मला सर्वात खटकलं ते वेगळंच. मोठी फाइल चढवणारा मोडेम पुढची रिक्वेस्ट चालू डेटाच्याच पाठीवर पाठवतो, त्यामुळे त्याला या झटापटीत फारसं उतरावं लागत नाही. फोनचं पॅकेट दर 20 मिलिसेकंदांनी एकटंच येतं. मागे काही थांबलेलं नसतं, म्हणून त्याला दर वेळी खुल्या स्लॉटमध्येच जावं लागतं. ज्याला घाई आहे, नेमके त्यालाच धक्के!

यूजीएसमध्ये रिक्वेस्टच नाही, ठरल्या वेळी ठरल्या मापाचा ग्रँट (पाठवायची परवानगी) येतो. ते माप मात्र हेडरसकट नीट मोजावं लागतं, जी.711 या आवाजाच्या कोडेकचे 160 बाइट धरून थांबलात तर पॅकेट मावणार नाही. बोलणारा गप्प असला तरी ग्रँट येतच राहतात, हा तोटा खराच. यूजीएस-एडी हा गप्प वेळ ओळखणारा प्रकार तेवढ्या वेळापुरता पोलिंगवर (ग्रँटऐवजी फक्त मागणीची संधी देण्यावर) जातो, म्हणून तो तोटा बराच भरून निघतो. व्हिडिओसारखी कमीजास्त आकाराची पॅकेट असतील तर मी आरटीपीएस (ठरावीक वेळाने मागणीची संधी देणारी सेवा) बघेन. तिथे रिक्वेस्ट करावी लागते, पण राखीव जागेत.

तुमच्या नोडवर गर्दी बेताची असेल, तर बेस्ट एफर्ट कदाचित पुरेल. माझ्याकडे संध्याकाळची तक्रार थांबली ती यूजीएस लावल्यावर. तेव्हापासून फोनसाठी बॅकऑफचे आकडे मी पुन्हा हलवलेले नाहीत.