डॉल मेंढ्याच्या शिकारीची ‘रिकामी झालेली जागा’ घेण्याआधी हे वाचा

अलास्काच्या उत्तर भागात, आर्क्टिक वृत्तापलीकडच्या ब्रूक्स रेंज या डोंगररांगेत पांढऱ्याशुभ्र रानटी डॉल मेंढ्याच्या शिकारीला नेतो असं सांगून एका माणसाने मला लुबाडलं. मी मिनेसोटात राहतो आणि इथे रीतसर परवाना काढून हरणाची शिकार करतो. ओळखीतली आणखी काही मराठी मंडळी अलास्काला जायचं म्हणताहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

अलास्काबाहेरच्या माणसाला डॉल मेंढा, ग्रिझली अस्वल किंवा पहाडी बकरा यांच्या शिकारीला एकट्याने जाता येत नाही. सोबत परवानाधारक गाइड लागतो, नाहीतर अलास्कात राहणारा अगदी जवळचा नातेवाईक. भारतातून येणाऱ्या पाहुण्याला तर मूस आणि कॅरिबू या मोठ्या हरणांसाठीही गाइड लागतो. मेंढ्याच्या शिकारीचे गाइडचे दर २०,००० डॉलरच्या बरेच पुढे जातात. अमेरिकेत राहणाऱ्याला सरकारी परवान्याचे १६० आणि टॅगचे (मारलेल्या जनावराला लावायच्या पट्टीचे) ८५० डॉलर वेगळे. त्यात अलीकडच्या कडक हिवाळ्यांनी मेंढ्यांची संख्या खूप घटली आहे. चांगल्या गाइडकडे नंबर लागायला वर्षं जातात, आणि या ठगांचं फावतं ते त्यामुळेच.

“एकाने ऐनवेळी नाव मागे घेतलंय, निम्म्या दरात नेतो, पण अर्धे पैसे उद्यापर्यंत थेट बँकेतून पाठव,” असा निरोप आला. लेखी करार आला आणि त्यावर परवाना क्रमांकही होता. क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच एका प्रामाणिक गाइडचा. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता.

फेअरबँक्सहून छोट्या विमानाने आम्ही एका नदीतल्या गोट्यांच्या पट्ट्यावर उतरलो. उतरताना या ठगाने वरूनच मेंढ्यांचा कळप हेरला आणि म्हणाला, संध्याकाळीच चढू. अलास्कात विमानातून उतरलेल्या दिवशी अशी शिकार करायला बंदी आहे, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत थांबावं लागतं. मी नकार दिला तेव्हापासून त्याची भाषा बदलली. दुसऱ्या दिवशी त्याने एक कोवळा नर दाखवला. मारता येण्याजोग्या नराच्या शिंगाचं बाजूने पाहिल्यावर पूर्ण वेटोळं झालेलं असावं लागतं, किंवा दोन्ही शिंगांची टोकं मोडलेली असावीत, किंवा वय निदान ८ वर्षं असावं. वय शिंगावरच्या वार्षिक खाचांवरून कळतं. या नराचं शिंग अजून डोळ्याच्या रेषेपर्यंतही वर आलेलं नव्हतं. “इथे कोण बघायला येतंय? झाड गोळी,” तो म्हणाला. सुंदर, निर्धास्त जनावर होतं ते. मी बंदूक खाली ठेवली.

मग त्याने परतीच्या विमानासाठी इंधनाचा जादा खर्च मागितला. पैसे मिळाल्याशिवाय विमान बोलावणार नाही, असं सरळ सांगितलं. त्या डोंगरात ना रस्ता, ना फोनची रेंज. सॅटेलाइट मेसेजवरून बायकोला कळवलं आणि तिने घरून पैसे भरले. तिने ते दिवस कसे काढले असतील याचा विचार आला की अजून संताप होतो.

घरी येऊन जीपीएसवरची आमच्या तळाची जागा नकाशावर पाहिली. ती गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत होती! तिथे हौशी शिकारीला पूर्ण बंदी आहे, ती फक्त लगतच्या प्रिझर्व्ह नावाच्या वेगळ्या राखीव भागात चालते. म्हणजे पूर्ण वेटोळ्याचा नर मारला असता तरी मी गुन्हेगार ठरलो असतो. लेसी कायदा या अमेरिकेच्या वन्यजीवविषयक केंद्रीय कायद्याखाली बेकायदा शिकारीसाठी गाइडची सेवा विकणारा आणि विकत घेणारा, दोघेही सापडतात. शिवाय मेंढ्याची शिंगं ३० दिवसांत सरकारी खात्याकडून तपासून सील (सरकारी खूण) लावून घ्यावी लागतात, तिथे प्रश्न आलेच असते.

अलास्कात शिकारीचा करार करायचा अधिकार फक्त ‘रजिस्टर्ड गाइड-आउटफिटर’ला आहे. असिस्टंट गाइड त्याच्या हाताखाली काम करतो, स्वतः गिऱ्हाईक घेऊ शकत नाही. ट्रान्सपोर्टर तुम्हाला नुसतं पोचवतो आणि परत आणतो. राज्याच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कोणाकडे कुठला परवाना आहे ते फुकट दिसतं. क्रमांक जुळला म्हणून थांबू नका, तिथे नोंदलेल्या पत्त्यावर त्या गाइडशी स्वतः संपर्क साधा आणि करार त्यानेच पाठवलाय का ते विचारा. रजिस्टर्ड गाइडला जास्तीत जास्त तीनच ठरलेल्या क्षेत्रांत काम करता येतं. क्षेत्राचा क्रमांक विचारून उद्यानाच्या नकाशाशी ताडून पाहा. हा माणूस क्षेत्राच्या प्रश्नावर दरवेळी “ते हवामानावर ठरेल” एवढंच म्हणायचा.

बँकेतून गेलेले पैसे परत आलेले नाहीत. तुमच्याशी कोणी असंच बोलत असेल तर त्याचे निरोप आणि करार पुसून टाकू नका. अलास्का वाइल्डलाइफ ट्रूपर्स, म्हणजे तिथले वन्यजीव पोलीस, बाहेरच्या राज्यातल्या माणसाची तक्रारही घेतात. माझा जबाब त्यांनी फोनवरच नोंदवला, आणि ज्याचा क्रमांक वापरला गेला त्या गाइडनेही स्वतःची वेगळी तक्रार दिली आहे.