टाइलसाठी डायमंड होल बिटचा सेट: सहा-सात महिने वापरल्यावर

दिवाळीआधी इतवारी बाजारातून ६ ते ३५ मिमीचा डायमंड होल बिटचा सेट आणला. म्हणजे ड्रिलला लावून गोल भोक पाडायचे, टोकाला हिऱ्याची पूड बसवलेले नळीसारखे बिट. कंपनीचं नाव देत नाही. असाच दिसणारा माल दुकानोदुकानी वेगवेगळ्या शिक्क्यांनी मिळतो. बाथरूम, ओटा आणि मार्चमध्ये कूलरच्या पाइपसाठी बाल्कनी, एवढं काम त्याच्याकडून करून घेतलं.

बाथरूमच्या भिंतीवरच्या साध्या सिरॅमिक टाइलला हा सेट भारीच पडतो. तिथे टोकदार कार्बाइड बिटनेही भागतं, कारण वरची चकाकी कडक असली तरी आतली माती मऊ असते. खरी परीक्षा व्हिट्रिफाइड टाइलची. ती अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, इतकी घट्ट भाजलेली असते. तिच्यावर २० मिमीच्या पुढचे बिट अजून छान चालतात. ६ मिमीचा मात्र लवकर गेला. नळी बारीक, कापलेला तुकडा आत अडकून बसतो, पाणी टोकापर्यंत जात नाही, टोक काळं पडतं आणि हिऱ्याची पूड धरून ठेवणारा निकेलचा मुलामा निघून येतो. शेवटी ६ आणि ८ मिमीचे व्हॅक्यूम ब्रेझ्ड (हिऱ्याचे कण निर्वात भट्टीत धातू वितळवून पक्के बसवलेले) बिट सुटे घेतले. महाग आहेत, पण टिकले.

या बिटांना मध्ये पायलट, म्हणजे जागेवर धरून ठेवणारं टोक, नसतो, सरळ टेकवला की घसरणारच. ड्रिल तिरकं धरून आधी चंद्रकोरीसारखी खाच पाडायची, मग हळूहळू सरळ करायचं. वेग कमी, हॅमर (ड्रिलची ठोके देत फिरायची सोय) बंद, आणि जोर लावायचा नाही.

सगळ्यात मजा आली ती ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटमध्ये आरओच्या नळासाठी १२ मिमीचं भोक पाडताना. खुणेभोवती कणकेचं आळं केलं, त्यात पाणी भरलं आणि बिट त्या डबक्यातच फिरवला. (कणीक वाया घालवल्याबद्दल घरातून जे ऐकावं लागलं ते वेगळं.) राखाडी गाळ वर येत राहतो, मध्ये मध्ये बिट उचलला की ताजं पाणी खाली जातं. भिंतीवर हे जमत नाही, तिथे कुणीतरी स्प्रेच्या बाटलीने पाणी मारत राहावं. ड्रिल बॅटरीचंच घ्या. वायरचं ड्रिल आणि पाणी एकत्र नको.

भोक पाडायच्या आधी टाइल बोटाने ठोकून बघा. पुष्कळ मिस्त्री मागे सिमेंटचे नुसते गोळे लावतात, कोपरे पोकळ राहतात. आवाज पोकळ आला तर जागा बदला. भुकटीचा रंग बदलून सिमेंटची राखाडी किंवा विटेची लाल दिसली की टाइल पार झाली. त्यानंतरच काँक्रीटचा बिट लावून हॅमर सुरू करायचा. प्लास्टिकचा प्लग टाइलच्या जाडीपलीकडे आत ठोकायचा. टाइलमध्येच राहिला तर स्क्रू आवळताना तो फुगतो आणि तडा जातो.

स्विचबोर्डच्या चौकोनी खाचेला हा सेट उपयोगाचा नाही, तिथे ४ इंची डायमंड ब्लेडचा ग्राइंडरच लागतो. घरात व्हिट्रिफाइड जास्त असेल तर अख्खा सेट घेऊ नका: ६ आणि ८ चांगल्यातले सुटे घ्या, ३५ चा गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळासाठी, बाकी लागेल तसे.